सारीपाट ते लुडो किंग : खेळणी-व्यवसाय आणि आभासी खेळ यांचा संबंध
(कोल्हापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कोल्हापूरच्या आर्थिक इतिहासाचा विचार करताना गूळ, साखर, चामड्याची चप्पल, हुपरीची चांदी आणि उद्यमनगरातील ओतकाम यांची चर्चा हटकून केली जाते. खेळण्यांचा उल्लेख मात्र या यादीत क्वचितच आढळतो. त्याचे कारण उघड आहे. खेळणी तयार करणे हा येथे कधीच स्वतंत्र धंदा नव्हता. कुंभार, सुतार आणि तांबट यांच्या मुख्य कामातून उरलेल्या मातीचा, लाकडाचा, पत्र्याचा आणि वेळेचा तो उपयोग होता. जे उत्पादन कोणाचेच पूर्णवेळ काम नव्हते त्याची नोंद राहिली नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याच्या ऱ्हासाची चर्चाही होत नाही.

गेल्या तीन दशकांत लहान मुलांच्या खेळाचा मोठा भाग पडद्यावर गेला. या बदलाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने नैतिक अंगाने होते : मोबाईलमुळे मुले बिघडली, मैदाने ओस पडली, डोळ्यांना चष्मे लागले. या तक्रारी खोट्या नाहीत. तथापि त्यांत एक ऐतिहासिक प्रश्न झाकला जातो. खेळणी विकणाऱ्या व्यवसायाने आभासी खेळाशी कोणते नाते जोडले, आणि ते नाते अमेरिकेत वा युरोपात जसे घडले तसे महाराष्ट्रात का घडले नाही ? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ‘खेळाची मालकी कोणाकडे होती’ या एका सूत्राच्या आधारे केला आहे.

ऋतूंना बांधलेली खेळणी

कोल्हापुरातील पारंपरिक खेळणी सणांच्या क्रमाने बाजारात येत. बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला मातीचा नाग, गणेशोत्सवानंतर उरलेल्या मातीतून दिवाळीसाठी किल्ल्यावरची चित्रे. बेंदराचा बैल आधी पूजेत बसे आणि नंतर मुलांच्या हाती येई. पूजावस्तू आणि खेळणे यांच्यातील सीमारेषा एका दिवसाची होती. शाहूपुरी, गंगावेश, पापाची तिकटी, बापट कॅम्प या भागांतील कुंभार कुटुंबे आज प्रामुख्याने गणेशमूर्तींसाठी ओळखली जातात. परंतु घोडेस्वार, तोफ, भालदार-चोपदार, गवळण आणि सिंहासनारूढ शिवाजी महाराज यांची लहान चित्रे हा त्यांच्याच हातचा माल होय.

दिवाळीतील किल्ला हा या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. वसुबारसेच्या सुमारास मुले दगड, विटा, पोती आणि चिखल जमवून अंगणात किंवा गल्लीच्या कोपऱ्यात किल्ला उभारतात. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणली जाते. येथील मुलांना आदर्श शोधण्यासाठी पुस्तकात पाहावे लागत नाही, कारण पन्हाळा शहरापासून अवघ्या वीस किलोमीटरवर आहे आणि १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, पावनखिंड, विशाळगड हे घरोघरच्या बोलण्यातले विषय आहेत. या संपूर्ण रचनेत बाजारातून विकत आणायची गोष्ट एकच, ती म्हणजे मावळे. माती फुकट, श्रम मुलांचे, जागा गल्लीची. दिवाळी सरली की किल्ला मोडतो. मावळे मात्र डब्यात जपून पुढच्या वर्षासाठी ठेवले जातात. ज्याचा हात मोडला असेल तो मावळा जखमी म्हणून पुन्हा कामाला येतो. खेळणी-व्यवसायाच्या दृष्टीने हे गिऱ्हाईक अत्यंत गैरसोयीचे, कारण ते एकदा घेतलेली वस्तू टाकून देत नाही.

दक्षिणेला आंबोली घाट उतरून गेल्यावर सावंतवाडीत चित्र काहीसे वेगळे दिसते. तेथील चितार आळीत लाकडी खेळणी, रंगीत फळे आणि गंजिफा यांची कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि संस्थानाच्या राजघराण्याने विसाव्या शतकात गंजिफेच्या पुनरुज्जीवनासाठी प्रयत्न केले. येथे खेळणे हे मुख्य उत्पादन होते. परंतु कारागिराची मालकी हातातील वस्तूपुरतीच होती. लाकडी आंबा किंवा केळ्यांचा घड यांच्या आकारावर कोणाचाही हक्क सांगता येत नव्हता, आणि तसा हक्क सांगण्याची कल्पनाही कोणाला सुचली नव्हती.

पटाचे देशांतर

हक्क सांगण्याची कल्पना आली ती पटावरच्या खेळांच्या मार्गाने. सारीपाट हा महाराष्ट्राला अतिपरिचित खेळ होय. वेरूळच्या रामेश्वर आणि धुमार लेण्यांत शिव-पार्वती द्यूत खेळत असल्याची शिल्पे आहेत. अबुल फजलने ‘ऐन-ई-अकबरी’त चौपटाची माहिती दिली आहे. चार बाहूंचा कापडी पट, प्रत्येक बाहूत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, सोळा सोंगट्या, आणि दान टाकण्यासाठी लांबट फासे किंवा कवड्या ही त्याची सर्वसाधारण रचना. घराघरांतून पट नाहीसा झाला तरी भाषेत तो टिकून आहे. दान पडणे, सोंगटी मारणे, पौबारा होणे हे शब्दप्रयोग ज्यांनी सारीपाट कधी पाहिलाही नाही असे लोक रोज करतात.

या खेळाच्या पचीशी या प्रकाराने एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडला. अमेरिकेत सेल्चो अँड रायटर या कंपनीने ‘पार्चीसी’ या नावाने तो विकला आणि १८७४ मध्ये त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये ‘लुडो’ या नावाने त्याच्या सोप्या रूपाचे पेटंट घेतले गेले. लुडो हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘मी खेळतो’ असा होतो. कवड्यांच्या जागी एकच घनाकृती फासा आला, जोडीने खेळण्याची पद्धत गेली, निवडीला असलेला वाव कमी झाला. प्रौढांचा डावपेचाचा खेळ अशा रीतीने लहान मुलांचा झाला आणि त्याच रूपात पुठ्ठ्याच्या पटावर छापून हिंदुस्थानात परत आला. मोक्षपटाचेही असेच झाले. त्याला ज्ञानेश्वरांशी जोडणारी परंपरा महाराष्ट्रात रूढ आहे, तिच्या पुराव्याविषयी मतभेद असले तरी. त्यातील पाप-पुण्याची घरे इंग्लंडमध्ये प्रथम ख्रिस्ती नीतीची आणि नंतर केवळ आकड्यांची झाली. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९४३ मध्ये सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या.

येथे एक बाब नोंदविण्यासारखी आहे. मिल्टन ब्रॅडली १९८४ मध्ये हॅस्ब्रो या कंपनीने विकत घेतली. सेल्चो अँड रायटर आधी कोलेको कंपनीकडे आणि १९८९ मध्ये कोलेकोच्या मालमत्तेसह हॅस्ब्रोकडे आली. म्हणजे पचीशी आणि मोक्षपट या दोहोंची अमेरिकी बाजारातील नावे एकाच कंपनीच्या मालमत्तेत जमा झाली. खेळ मात्र कोणाचाच राहिला नाही, कारण पेटंटची मुदत कधीच सरली होती. नावाची मालकी आणि खेळाची मालकी यांतील हा भेद पुढील विवेचनात निर्णायक ठरणार आहे.

कारखाना, आरक्षण आणि आयात

स्वातंत्र्योत्तर काळात भारतात खेळण्यांचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखीव होते आणि आयातीवर कडक निर्बंध होते. हे संरक्षण लहान उत्पादकाला जगविणारे होते, त्याचबरोबर त्याला लहानच ठेवणारेही होते. लुडो आणि सापशिडीचे पट, ‘व्यापार’ हा डाव, प्लॅस्टिकच्या गाड्या हा माल असंख्य छोटे छापखाने आणि साचेवाले तयार करीत. त्यांपैकी कोणाचेही नाव गिऱ्हाइकाला ठाऊक नसे. १९८० च्या दशकात मोठे उद्योगसमूह परदेशी सहकार्याने या क्षेत्रात उतरले. एमआरएफ या टायर कंपनीने हॅस्ब्रोच्या सहकार्याने फनस्कूल सुरू केली आणि तिच्या गोव्यातील कारखान्यात खेळणी तयार होऊ लागली. मुंबईच्या ब्लो प्लास्टची ‘लिओ’ खेळणी याच काळातली. बार्बी ही बाहुली आणि जी. आय. जो हा सैनिक भारतीय मध्यमवर्गीय घरांत आले ते या मार्गाने.

२००१ हे वर्ष या क्षेत्रासाठी कलाटणीचे ठरले. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात चामड्याच्या वस्तू, पादत्राणे आणि खेळणी यांच्याशी संबंधित १४ वस्तू लघुउद्योगांच्या राखीव यादीतून वगळण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला, आणि १ एप्रिल २००१ पासून उर्वरित ७१५ वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले. त्यानंतर चिनी खेळण्यांचा लोंढा आला. कोल्हापुरात महाद्वार रोडवर, जोतिबाच्या आणि त्र्यंबोलीच्या यात्रेतील पालांत लाकडी व मातीच्या खेळण्यांची जागा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांनी घेतली. जानेवारी २००९ मध्ये केंद्र शासनाने चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. मार्चमध्येच सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राच्या अटीवर ती शिथिल झाली. धोरणकर्त्यांचे सारे लक्ष बंदराकडे होते. ज्या खेळाला बंदर लागत नाही त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

पाश्चात्त्य खेळणी-कंपन्यांचा आभासी प्रवास

हा बंदर न लागणारा खेळ पाश्चात्त्य देशांत कसा वाढला हे पाहिल्याशिवाय महाराष्ट्रातील घडामोडींचे वेगळेपण लक्षात येत नाही. तेथे आभासी खेळ खेळणी-कंपन्यांवर बाहेरून कोसळला असा जो समज आहे तो अर्धाच खरा आहे. प्रारंभीच्या टप्प्यात या कंपन्या स्वतःच पुढे होत्या. १९९६ मध्ये जपानच्या बांडाई कंपनीने तामागोची हे खिशात मावणारे आभासी पाळीव पिल्लू विक्रीस आणले. त्याच वर्षी मॅटेलने बार्बीचे कपडे संगणकावर बेतण्याची सीडी बाजारात आणली आणि तिला मोठे यश मिळाले. त्या यशाने हुरळून मॅटेलने १९९९ मध्ये ‘द लर्निंग कंपनी’ ही शैक्षणिक सॉफ्टवेअरची कंपनी सुमारे साडेतीन अब्ज डॉलरना खरेदी केली. पुढच्याच वर्षी प्रचंड तोटा सोसून ती जवळजवळ फुकट सोडून द्यावी लागली आणि कंपनीच्या प्रमुखांना पद गमवावे लागले. बाहुली विकण्याचे ज्ञान सॉफ्टवेअर विकण्यास पुरत नाही, असा हा महागडा धडा होता.

दुसऱ्या टप्प्यात खेळणे ही आभासी जगाची किल्ली बनली. कॅनडाच्या गँझ कंपनीने २००५ मध्ये वेबकिन्झ ही कापडी प्राण्यांची मालिका आणली. प्रत्येक प्राण्यासोबत एक गुप्त संकेतांक येई; तो संकेतस्थळावर भरला की त्याच प्राण्याचे आभासी रूप तेथे अवतरे, त्याला खोली सजवून देता येई, खाऊ घालता येई. खाते एक वर्ष चाले. ते चालू ठेवायचे तर नवा प्राणी विकत घ्यावा लागे. या योजनेतील चातुर्य मान्य केले पाहिजे. डब्यात जपलेला मावळा पुढच्या दिवाळीला फुकट मिळतो, ही खेळणी-व्यवसायाची जुनी अडचण एका संकेतांकाने सोडविली होती. मुलाच्या हातातील कापडी कुत्रा कायमचा त्याचा होता; पण खेळ त्या कुत्र्यात उरलाच नव्हता, तो कंपनीच्या सर्व्हरवर होता आणि तेथे मूल भाडेकरू होते.

या यशामागे धावताना अनेकांनी हात पोळून घेतले. मॅटेलचे बार्बी गर्ल्स हे आभासी जग २००७ मध्ये सुरू झाले आणि २०११ मध्ये बंद पडले. लेगोचे ‘लेगो युनिव्हर्स’ ऑक्टोबर २०१० ते जानेवारी २०१२ इतकेच जगले. डिस्नेने २००७ मध्ये ३५ कोटी डॉलर मोजून क्लब पेंग्विन विकत घेतले, त्याच्या कापडी पेंग्विनांवरही संकेतांक लावले, आणि मार्च २०१७ मध्ये ते बंद केले. एका पिढीच्या मुलांनी सजविलेली इग्लू घरे त्या दिवशी नाहीशी झाली. ती मोडण्याचा दिवस मुलांनी ठरविला नव्हता. दिवाळीचा किल्लाही मोडतोच. परंतु तो मुलेच मोडतात आणि दगड-विटा मागे उरतात.

तिसऱ्या टप्प्यात नाते उलटे झाले. माइनक्राफ्ट हा खेळ २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. पुढच्याच वर्षी लेगोने त्याचे ठोकळे काढले आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो खेळ तयार करणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली. २००६ मध्ये सुरू झालेल्या रोब्लॉक्सच्या बाहुल्या २०१७ पासून दुकानात आल्या. यापूर्वी खेळण्याची जाहिरात पडद्यावर होत असे. आता पडद्यावरच्या खेळाची आठवण म्हणून खेळणे विकले जाऊ लागले. टॉइज आर अस या अमेरिकेतील प्रख्यात दुकान-साखळीने सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तिच्या पतनास कर्जाचा डोंगर आणि ऑनलाइन विक्री ही अधिक थेट कारणे असली, तरी दुकानातील फळीचे महत्त्व संपत आल्याची ती खूण होती.

महाराष्ट्रातील वेगळी वाट

वरील तिन्ही टप्प्यांत खेळणी-कंपनी कोठे ना कोठे उपस्थित आहे. महाराष्ट्रात ती जवळजवळ अनुपस्थित आहे. येथे आभासी खेळ खेळण्यांच्या दुकानातून आला नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल-सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोल्हापूरसारख्या शहरांतील मुलांचा तिच्याशी पहिला परिचय महाविद्यालयांजवळच्या नेट कॅफेत, ताशी पैसे मोजून झाला. मुंबईत इंडियागेम्स आणि नझारा या कंपन्या याच सुमारास सुरू झाल्या. त्यांचे गिऱ्हाईक मोबाईल कंपन्या होत्या आणि विषय प्रामुख्याने क्रिकेट व चित्रपट. २००६ मध्ये रिलायन्स अनिल अंबानी समूहाने झपाक हे खेळांचे संकेतस्थळ आणि त्याला जोडून खेळ-केंद्रे काढली. या साऱ्यांत भारतीय खेळणी-उत्पादकाचे भांडवल, कौशल्य वा नाव यांपैकी काहीही नव्हते.

अपवाद म्हणून दूरचित्रवाणीवरील पात्रांचा निर्देश करावा लागेल. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा छोटा भीम २००८ मध्ये पोगो वाहिनीवर आला. त्याची खेळणी, दप्तरे, कंपास पेट्या निघाल्या आणि नझाराने त्याचे मोबाईल खेळ काढले. येथे पात्राला मालक होता, म्हणून दुकान आणि पडदा या दोन्ही ठिकाणी त्याला परवाना-शुल्क मिळू शकले. परंतु हा मालक चलच्चित्रकार होता, खेळणेवाला नव्हता. खेळणेवाला येथेही परवाना घेणारा ठेकेदारच राहिला.

भारतीय आभासी खेळाला खरे घवघवीत यश लाभले ते मात्र ज्याला मालकच नाही अशा खेळात. विकास जायसवाल यांच्या नवी मुंबईतील गेमेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ प्रसृत केला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाईलवरील आंतरजाल अत्यंत स्वस्त झाले. लुडोचे नियम कोणाला शिकवावे लागत नव्हते, आणि त्यासाठी कोणाला शुल्क द्यावे लागत नव्हते. बार्बीचा खेळ काढायचा तर मॅटेलच्या दारात जावे लागते; लुडोसाठी कोणाच्याही नाही. दहा कोटी डाउनलोडचा टप्पा ओलांडणारा पहिला भारतीय खेळ म्हणून लुडो किंगचे नाव घेतले गेले.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा हा खेळ घराघरांत पोहोचला. पुण्या-मुंबईस किंवा परदेशात अडकलेली मुले आणि गावाकडचे आईवडील एका पटावर बसू लागले. आजी, नातू, मामा आणि सून अशी चौकडी चार ठिकाणांहून जमे. याच दिवसांत दूरदर्शनवर जुने ‘महाभारत’ पुन्हा दाखविले जात होते. संध्याकाळी द्यूताचा प्रसंग पाहून रात्री त्याच घरात लुडोचा डाव मांडला जावा, हा योगायोग मोठा विलक्षण होता. सारीपाटातील जे सामाजिक अंग १८९६ च्या पुठ्ठ्यावर आक्रसले होते, ते पडद्यावर काही अंशी परत आले असे म्हणता येईल. केवळ मोबाईलला दोष देणाऱ्या मांडणीत या अनुभवाला स्थान मिळत नाही, ही तिची उणीव आहे.

पुठ्ठ्याचा लुडो छापणाऱ्या लहान व्यावसायिकाला मात्र या यशात कोणताही वाटा नव्हता. त्याने दशकानुदशके हा खेळ लोकांच्या सवयीत जिवंत ठेवला होता, पण सवयीवर स्वामित्वहक्क मिळत नाही. सामायिक गायरानावर ज्याच्याकडे मोठा कळप असेल त्याचा लाभ अधिक होतो. मालक नसलेल्या खेळाचेही तसेच झाले.

पणाचा प्रश्न

मालक नसलेल्या पटावर पैसे लावणारेही आले. लुडोचे वेगवान रूप करून त्यावर प्रवेशशुल्क आणि बक्षीस ठेवणारी ॲप निघाली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अशाच एका ॲपविरुद्ध याचिका दाखल झाली. लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, असा प्रश्न त्यात उपस्थित करण्यात आला, कारण १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातील कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देते. हा कायदा लुडोच्या पेटंटपेक्षा नऊ वर्षांनी जुना आहे. तो झाला तेव्हा सारीपाट खेळणाऱ्यांच्या हाती फासे किंवा कवड्या होत्या आणि डाव सर्वांच्या डोळ्यांसमोर पडत होता. आता दान टाकणारा हात अदृश्य आहे. संगणकीय आज्ञावली जे दान देईल ते खरे मानावे लागते. शकुनीच्या फाशांविषयीची शंका निदान सभेत बोलून दाखविता येत होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट मनाई केली आणि ई-क्रीडा व सामाजिक खेळ यांना वेगळे काढले. त्यानंतर या क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव थांबविले. दीडशे वर्षे न्यायालयांना पडलेला कौशल्य-नशिबाचा पेच कायद्याने सोडविला नाही, बाजूला ठेवला. पण पैसे न लावताही मुलाचा वेळ आणि त्याच्या आवडीनिवडींची माहिती हाच पण होऊ शकतो, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत मुख्यतः येत नाही.

शुल्क, प्रमाणपत्र आणि मावळा

खेळण्यांकडे शासनाचे लक्ष पुन्हा वळले ते २०२० मध्ये. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात खेळण्यांवरील आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह बंधनकारक झाले. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी खेळण्यांबरोबर देशी विषयांवरील संगणकीय खेळांचेही आवाहन केले. २०२१ च्या टॉयकॅथॉन स्पर्धेत डिजिटल खेळण्यांना स्थान मिळाले. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला सुरू झालेले भारतीय खेळणी-प्रदर्शन महासाथीमुळे आभासी पद्धतीने भरले. ज्यांचा माल हातात घेऊनच पारखायचा असतो त्या कारागिरांना पडद्यावर मांडणी करावी लागली.

या धोरणाने चिनी खेळण्यांची आयात लक्षणीय घटली हे खरे. परंतु आयातशुल्क वस्तूवर बसते, डाउनलोडवर बसत नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गाने होणाऱ्या हस्तांतरणावर सीमाशुल्क न आकारण्याचा निर्णय जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी १९९८ मध्ये घेतला आणि त्याला वारंवार मुदतवाढ मिळत आली. भारताने या सवलतीला अनेकदा विरोध नोंदविला आहे. परिणामी चिनी मोटारगाडी ७० टक्के शुल्क भरून येते, तर परदेशी खेळातील आभासी मोटारगाडी कोणत्याही सीमाशुल्काविना मुलाच्या पडद्यावर उतरते. देशी खेळणेवाल्याला ज्या स्पर्धेपासून संरक्षण मिळाले ती स्पर्धा कालची होती.

मानक चिन्हाच्या सक्तीतून हस्तकला कारागिरांना सूट देण्यात आली, पण ती शासनाकडे नोंदणी झालेल्या कारागिरांसाठी. जो कुंभार वर्षातले दोन-तीन आठवडे मावळे करतो आणि एरवी गणेशमूर्ती, पणत्या, कुंड्या घडवितो, त्याची गणना खेळणी-कारागिरांत करायची की मूर्तिकारांत, असा प्रश्न पडतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पंचगंगाकाठच्या कुंभारवस्त्यांची मोठी हानी केली. प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे आणि प्लॅस्टिकचे मावळे यांची स्पर्धा त्याआधीपासूनच आहे. इतके असूनही दिवाळीतील किल्ल्यांची प्रथा कोल्हापुरात टिकून आहे. मंडळे आणि संस्था त्यांच्या स्पर्धा भरवितात. आभासी खेळ आणि मातीचा खेळ एकमेकांना सरळ हुसकावतात असे या उदाहरणावरून दिसत नाही. पन्हाळ्याची तटबंदी मोबाईलवर पाहून चिखलात उतरविणारी मुले आज आहेत, आणि त्याच किल्ल्याचे चलचित्र ती पुन्हा मोबाईलवर टाकतात.

प्रशासकीय दृष्टीने मात्र हे दोन खेळ दोन वेगळ्या घरांत राहतात. खेळण्यांचा विचार उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभाग करतो. ऑनलाइन खेळ डिसेंबर २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे सोपविले गेले आणि त्याच वेळी ई-क्रीडा युवक व क्रीडा खात्याकडे गेली. मातीच्या व लाकडाच्या कारागिरांचा विषय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला आयुक्तांकडे आहे. मुलाच्या व्याख्येतही एकवाक्यता नाही. खेळण्यांच्या गुणवत्ता आदेशाच्या दृष्टीने खेळणे म्हणजे १४ वर्षांखालील मुलांनी खेळावयाची वस्तू. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती, आणि तिची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरविली आहे. पंधरा वर्षांचा मुलगा किल्ल्यावर मावळे मांडतो तेव्हा त्याच्या हातातील वस्तू एका आदेशानुसार खेळणे ठरत नाही; आणि तोच मुलगा रात्री लुडोचा डाव उघडतो तेव्हा दुसऱ्या कायद्यानुसार तो अद्याप मूल असतो.